संगणक: एक



परिग्रह-परिमाण व्रत घेताना आपल्यापुढे दहा बाह्य परिग्रहांची यादी येते. क्षेत्र, वास्तू, हिरण्य, सुवर्ण, धन, धान्य, दासी, दास, कुप्य आणि भांड. शेत किती, घरं किती, सोनं किती तोळे हे लिहून टाकायला सोपं असतं. कपडे कुप्यात, भांडीकुंडी भांडात. पण फ्रीज कुठे लिहायचा? मिक्सर? टीव्ही? पाठशाळेत मी हा प्रश्न विचारते तेव्हा मुली हसतात, आणि हसता हसता खरंच विचारात पडतात. माझ्या वहीत ही सगळी यंत्रं 'भांड' या सदराखाली आहेत. बऱ्याच वर्षांपूर्वी लातूरला चातुर्मासात महाराजांसमोर व्रत घेतलं, तेव्हा मी तिथे एक ओळ लिहिली होती: संगणक – एक.

या दिवाळीत त्या 'एक'ची चांगलीच परीक्षा झाली. ती कशी झाली आणि त्यातून काय हाती लागलं, ते आज सांगते. थोडं तांत्रिक आहे, पण घाबरू नका. जिला कुकरची शिट्टी आणि मिक्सरचं कपलिंग कळतं तिला हेही कळतं.

आमच्या घरातला संगणक २०१८ च्या अखेरीस लातूरला जोडून घेतलेला. माझं माहेर तिथलं, आणि धाकट्या भावाला या कामाची आवड. त्याने एकेक भाग निवडून जोडला आणि नांदेडला आणून दिला. सात वर्षं त्यावर घरातल्या सगळ्यांचं चाललं. ह्यांच्या वजिराबादेतल्या दुकानाचा टॅलीचा हिशोब आणि जीएसटीचं काम त्यावर. मुलीचे लातूरच्या क्लासचे ऑनलाइन पेपर ती सुट्टीत घरी आली की त्यावर. सासूबाईंची प्रवचनं, माझे पाठशाळेचे कागद आणि हे लिखाण त्यावर. आणि संध्याकाळी दहावीतल्या चिरंजिवांचे गेम त्यावर.

मग दोन गोष्टी एकदम आल्या. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबवला. म्हणजे संगणक बंद पडत नाही, पण सुरक्षेची नवी डागडुजी नेहमीसारखी येत नाही. नाव नोंदवलं तर आणखी एक वर्ष ती मिळते, पण ती केवळ मुदतवाढ. ज्या यंत्रावर दुकानाचे आणि बँकेचे व्यवहार होतात, त्याला असं किती दिवस चालवायचं? विंडोज ११ टाकायला गेलो तर पडद्यावर उत्तर आलं की तुमचा प्रोसेसर यादीत नाही. दुसरी गोष्ट चिरंजिवांची. गेम ऐन रंगात आला की चित्र अडखळायचं. "आई, मी हरतो ते मला खेळता येत नाही म्हणून नाही, प्रोसेसर अडकतो म्हणून," ही तक्रार मी सहा महिने ऐकत होते.

ह्यांनी एका दुकानात चौकशी केली. नव्या संगणकाचा भाव अठ्ठावन्न हजार सांगितला, आणि वर सल्ला फुकट: "नवा मुलाला द्या, जुना दुकानात ठेवा, दोन्ही कामी येतील." व्यवहार म्हणून यात खोट काही नाही. पण माझ्या वहीतल्या 'एक'चे दोन होत होते. "दुकानातला दुकानाचा, घरातला घरचा, मग घरात एकच झाला की," असं हे म्हणाले, तेव्हा मला हसूच आलं. कारण अतिचार नेमके असेच शिरतात. दोन खोल्यांच्या मधली भिंत पाडून एक खोली म्हणायची, दोन शेतांमधला बांध काढून एक शेत म्हणायचं, आणि आकडा तेवढाच राहिला म्हणून समाधान मानायचं. व्रत घेताना आपण हे सगळं ऐकलेलं असतं. मी म्हटलं, आधी लातूरला फोन करते.

भाऊ म्हणाला, "अक्का, सुगरण थकली म्हणून आख्खं स्वयंपाकघर पाडायलात का? सुगरण बदला."

त्याने समजावलं ते माझ्या शब्दांत सांगते. प्रोसेसर म्हणजे स्वयंपाकघरातली मुख्य सुगरण. रॅम म्हणजे ओटा, तो जितका लांब तितक्या वस्तू एका वेळी हाताशी. एसएसडी म्हणजे कोठीची खोली. ग्राफिक्स कार्ड म्हणजे नुसत्या चपात्या करायला ठेवलेल्या मावशी. त्यांना दुसरं काही सांगायचं नाही, पण चपात्या मात्र झपाट्याने. आता जेवण उशिरा होत असेल तर दोष कोणाचा, हे आधी बघायचं. त्याने फोनवरच टास्क मॅनेजर उघडायला लावला आणि चिरंजिवांना गेम चालू करायला सांगितलं. प्रोसेसरचा आकडा शंभर टक्क्यांना चिकटलेला, आणि ग्राफिक्स कार्ड चाळिशीत रेंगाळत होतं. म्हणजे मावशी पोळपाट मांडून बसलेल्या आणि कणीक मळून येत नव्हती. हे उलट असतं, कार्ड शंभरावर आणि प्रोसेसर निवांत, तर प्रोसेसर बदलून काहीही फायदा झाला नसता. मैत्रिणींनो, तुमच्या घरी मुलं असा हट्ट धरत असतील तर खर्च करण्याआधी हे दोन आकडे बघाच. दोन मिनिटांचं काम आहे.

आमच्या संगणकात एएमडी कंपनीचा रायझन ३ १२०० होता. हा २०१७ मध्ये बाजारात आलेला, चार कोअरचा प्रोसेसर. भावाने सुचवला तो त्याच कंपनीचा रायझन ५ ५६००, २०२२ मध्ये आलेला. याला सहा कोअर, आणि प्रत्येक कोअर दोन कामांचे धागे एकदम सांभाळतो, म्हणजे बारा. पण मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळी. प्रोसेसरच्या अगदी हाताशी एक छोटा साठा असतो, त्याला कॅशे म्हणतात. हा आपला मसाल्याचा डबा. मोहरी-जिऱ्यासाठी दर वेळी कोठीच्या खोलीत जावं लागलं तर फोडणी करपणारच. जुन्या प्रोसेसरचा हा मोठा डबा ८ एमबीचा होता, नव्याचा ३२ एमबीचा. गेममध्ये क्षणोक्षणी काहीतरी बदलत असतं, त्यामुळे या डब्याचा तिथे फार उपयोग होतो. आणि एवढं करून दोघांच्या खोक्यांवर विजेचा आकडा तोच: ६५ वॅट. जुन्यात १४ नॅनोमीटरची जडणघडण होती, नव्यात ७ ची. कारागिरी बारीक झाली आणि तेवढ्याच विजेत काम कितीतरी वाढलं.

हे आम्हाला जमलं त्याचं कारण खाली मदरबोर्डावर आहे. प्रोसेसर ज्या जागेत बसतो तिला सॉकेट म्हणतात. मिक्सरचं भांडं जसं त्याच जातीच्या मिक्सरवर बसतं, तसंच हे. आमच्या बोर्डाचं सॉकेट एएम४ नावाचं. २०१७ च्या पहिल्या रायझनपासून २०२२ च्या ५६०० पर्यंत, आणि त्यानंतरही काही प्रोसेसर याच सॉकेटवर आले. इंटेलची पद्धत वेगळी. तिथे साधारण दोन-तीन पिढ्यांनी सॉकेट बदलतं, मग बोर्डही नवा घ्यावा लागतो. एएमडीचंही आताचं नवं सॉकेट एएम५ आहे, आणि त्याला बोर्ड नवा, रॅमही डीडीआर५ जातीची नवी. म्हणजे नव्याच्या मागे धावलो असतो तर एका वस्तूने तीन वस्तू घरात आणल्या असत्या. परिग्रहाचा हा स्वभावच आहे. एक वस्तू कधी एकटी येत नाही. सोफा आला की गालिचा येतो, गालिचा आला की तो झाडायचं यंत्र येतं.

भाऊबीजेला भाऊ अहमदपूर-लोहा मार्गे बसने आला. पिशवीत ओवाळणीची साडी आणि तळहातावर मावेल एवढी डबी. दहा हजारांच्या आसपास खर्च झाला. जेवणं झाल्यावर काम सुरू करायचं ठरलं.

आधी दुकानाचा सगळा हिशोब आणि फोटो बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतले. मग बायोस. मदरबोर्डाला नव्या प्रोसेसरची ओळख करून देणारी ही आतली आज्ञावली. ती जुना प्रोसेसर बसलेला असतानाच नवी करायची असते, नाहीतर सुगरण दारात उभी आणि घर तिला ओळखतच नाही. या चार-पाच मिनिटांत वीज गेली तर बोर्ड कायमचा निकामी होऊ शकतो. आपल्याकडची वीज कशी आहे ते मी सांगायला नको. यूपीएसची बॅटरी पूर्ण भरलेली आहे ना हे पाहूनच भावाने बटण दाबलं. तेवढ्यात सासूबाईंनी णमोकार मंत्र म्हणायला सुरुवात केली होती. हसू नका, आम्हीही मनात म्हणत होतो.

नंतर कॅबिनेट उघडायचं होतं, आणि इथे मी भावाला थांबवलं. त्याच्या हातात हवेचा ब्लोअर होता. सात वर्षांचं बंद खोकं. आत धूळ होतीच, पण पावसाळा नुकताच संपलेला, आत कोळी असणार, एखादी मुंगीची रांग असणार, पालीची अंडीसुद्धा असू शकतात. ब्लोअर मारला की सगळ्यांचा एकदम निकाल. आपण धान्य शोधून घेतो, पाणी गाळून घेतो, चूल पेटवण्याआधी बघतो, मग यंत्राला वेगळा नियम का? आधी बॅटरीचा उजेड टाकून बघितलं. पंख्याच्या कोपऱ्यात एक कोळी होता. कागदावर घेऊन त्याला कुंडीत सोडला. मग मऊ कुंचल्याने हळूहळू धूळ काढली आणि अगदी शेवटी, आत कुणी नाही याची खात्री झाल्यावर, ब्लोअर. दहा मिनिटं जास्त लागली. भाऊ म्हणाला, "अक्का, दुकानात गिऱ्हाइकांच्या मशिनी अशा साफ करायला लागलो तर दिवसाला एकच होईल." पण मी पाहिलं, कोळ्याचा कागद धरायला तोच पुढे झाला होता.

धुळीचा मुद्दा यंत्राच्या बाजूनेही महत्त्वाचा आहे. प्रोसेसर ठरावीक तापमानाच्या वर गेला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. नांदेड-लातूरच्या मे महिन्यात खोलीतच चाळीसच्या आसपास तापमान असतं. पंख्यावर धुळीचा थर असेल तर बिचारा कुठून वेग देणार? कित्येक घरांत नुसती धूळ काढली आणि प्रोसेसरवरची सुकलेली थर्मल पेस्ट बदलली तरी निम्मी तक्रार जाते. तेवढ्यावर भागत असेल तर नवीन घेऊच नका.

आणखी एक सांगून ठेवते. एएम४ जातीच्या प्रोसेसरला खालच्या बाजूने केसासारख्या बारीक १३३१ पिना असतात. वरचा थंड करणारा पंखा सरळ वर ओढला तर सुकलेल्या पेस्टमुळे प्रोसेसरही त्याच्यासकट उपटून येतो आणि पिना वाकतात. म्हणून भावाने आधी संगणक थोडा वेळ चालवून गरम केला, मग बंद करून, वायर काढून, पंखा हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवला. तव्याला चिकटलेली भाकरी आपण उपसत नाही, कडेने सोडवतो, तसंच. नवा प्रोसेसर कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण जुळवून ठेवला, तो आपल्या वजनानेच खाली बसला. दाबायचं काम नाही. वाटाण्याएवढी पेस्ट, वर पंखा, आणि संगणक सुरू. बायोसमध्ये टीपीएम आणि सिक्युअर बूट या दोन सोयी चालू केल्यावर विंडोज ११ ने मुकाट्याने घरात पाऊल टाकलं.

टॅली आता पटकन उघडते. मुलीचे व्हिडिओ चालू असताना मागे माझी फाइल सेव्ह होते. चिरंजिवांच्या गेममध्ये आधी सेकंदाला साठ-सत्तर चित्रं यायची आणि गर्दी झाली की वीस-पंचवीसवर कोसळायची, ती आता दीडशेच्या आसपास स्थिर राहतात. तेच ग्राफिक्स कार्ड, तीच रॅम, तोच पडदा. जुना प्रोसेसर उत्तम चालतोय. "राहू दे, कधीतरी लागेल" हे शब्द माझ्या ओठांपर्यंत आले होते, पण कपाटातला प्रत्येक खण याच वाक्याने भरलेला असतो. तो भावाबरोबर लातूरला परत गेला. त्याच्या ओळखीच्या एका विद्यार्थ्याच्या बोर्डावर तो बसला. एक वस्तू आली, एक गेली. वहीतला आकडा तोच राहिला. तुमच्याकडे असा भाग अगदीच निकामी झाला असेल तर भंगारात देऊ नका. आतलं सोनं-तांबं काढायला तिथे ॲसिड आणि जाळपोळ चालते, ती ज्या नाल्यात, ज्या मातीत जाते तिथले जीव मोजता येणार नाहीत. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. नोंदणी असलेल्या पुनर्वापर केंद्राकडेच द्यावं.

इथवर परिग्रहाचा हिशोब जुळला. पण प्रोसेसर वेगवान झाला म्हणजे गेमही वेगवान झाला, आणि गेम कसला, तर बंदुकीचा. पाच विरुद्ध पाच, समोरच्याला गोळी घालायची. मी जे दहा हजार खर्चायला हो म्हटलं, त्यातला काही वाटा या गोळ्यांचाही होता. हे मला टाळता येत नव्हतं.

तुम्हाला यशोधर राजाची कथा माहीत असेलच. उज्जयिनीचा राजा यशोधर. वाईट स्वप्न पडलं म्हणून त्याची आई चंद्रमती देवीला बळी द्यायला सांगते. राजा जीव मारायला नकार देतो. शेवटी मधला मार्ग निघतो, पिठाचा कोंबडा करायचा आणि तो कापायचा. रक्त नाही, प्राण नाही, नुसतं पीठ. पण त्या एका कृत्यामागच्या भावाने आई आणि मुलगा पुढे किती भव भटकले! मोर आणि कुत्रा, मग एकामागून एक पशुयोनी, शेवटी खरोखरचे कोंबडा-कोंबडी. पीठ होतं, पण संकल्प खरा होता.

ही कथा आपल्याला दूरची नाही बरं का. लातूरचं जुनं नाव लत्तलूर. राष्ट्रकूट राजे स्वतःला लत्तलूरपुरवराधीश्वर म्हणवत. त्यांच्या राज्याच्या छायेत सोमदेवसूरींनी ९५९ मध्ये 'यशस्तिलक' पूर्ण केलं, आणि त्यांची राजधानी मान्यखेट इथे महाकवी पुष्पदंतांनी अपभ्रंशात 'जसहरचरिउ' रचलं. दोन्ही ग्रंथ याच पिठाच्या कोंबड्याचे. मान्यखेट म्हणजे आजचं मळखेड, कलबुर्गी जिल्ह्यातलं. म्हणजे हजार वर्षांपूर्वी आपल्याच परिसरात हा प्रश्न विचारला गेला होता: ज्यात जीव नाही त्याला मारलं तर हिंसा होते का?

पुढे तेराव्या शतकात पंडित आशाधरांनी 'सागारधर्मामृता'त शिकारीच्या व्यसनाचा त्याग करणाऱ्याला बजावलं की वस्त्रावर, नाण्यावर, पुस्तकात काढलेल्या प्राण्यांच्या आकृत्यांचीसुद्धा मोडतोड करू नये. वाचून मी चमकले होते. आपल्या आज्या हत्ती-घोड्याच्या आकाराची साखरेची खेळणी मुलांना खाऊ द्यायच्या नाहीत, प्राण्यांच्या आकाराची बिस्किटं घरात आणू द्यायच्या नाहीत, ते याच परंपरेतून. त्यांनी ग्रंथ वाचला नसेल, पण नियम पाळला. आता वस्त्र आणि नाण्याच्या जागी पडदा आलाय, एवढंच.

मी हे चिरंजिवांना सांगितलं. त्याने मला अडवलं, आणि खरं सांगते, त्याचं म्हणणं टाकाऊ नव्हतं. तो म्हणाला, "आई, यशोधराला देवीला बळीच द्यायचा होता. त्याच्या मनात मारणंच होतं. माझ्या मनात मारणं नसतं, जिंकणं असतं. बुद्धिबळात तू माझा हत्ती मारतेस तेव्हा काय होतं? आणि माझ्यासमोरचा मेलेला पुढच्या डावात परत उभा राहतो." पंधरा वर्षांच्या मुलाने संकल्पाचाच मुद्दा काढल्यावर आई काय बोलणार? मनातून मला बरंही वाटलं. पाठशाळेत बसलेला काहीतरी ऐकतो म्हणायचा.

मी त्याला एवढंच म्हटलं, "बरोबर आहे तुझं. मग एक काम कर. खेळताना मजा नक्की कशाची येते, ते स्वतः बघ. मला नाही सांगितलंस तरी चालेल." कारण आपल्याकडे रौद्रध्यानाचे चार प्रकार सांगितलेत, त्यातला पहिला हिंसानंदी. त्यात आनंद कशाचा होतो, याला महत्त्व आहे. युक्ती जमली याचा आनंद वेगळा, मित्रांबरोबर खेळल्याचा वेगळा आणि समोरचा कोसळला याचा वेगळा. बाहेरून पाहणाऱ्या आईला हे तीन वेगळे करता येत नाहीत. करणाऱ्यालाच करता येतात.

दोन दिवसांनी तो स्वयंपाकघरात आला. मी भाजी निवडत होते. म्हणाला, "बघितलं मी. बहुतेक वेळा जिंकायचीच मजा असते. पण डोक्यात गोळी लागली की एक आवाज येतो. तो मला आवडतो. त्याच्यासाठी मी कधी कधी जिंकणं सोडून नेम धरतो." मी मान हलवली. त्याने न विचारता सांगितलं होतं, यापुढे माझं व्याख्यान म्हणजे त्याच्या खरेपणाला शिक्षा झाली असती.

त्या आठवड्यात कार्तिकी अष्टाह्निका लागत होती. नंदीश्वर द्वीपाच्या पूजेचे आठ दिवस. सासूबाईंनी दरवर्षीप्रमाणे एकासन धरलं, मी दोन रस सोडले. चिरंजीव म्हणाला, "मी आठ दिवस बंदुकीचा गेम सोडतो. फुटबॉलचा आणि बुद्धिबळ खेळेन." सासूबाईंना वाटलं, कायमचाच सोडायला सांगावा, लोखंड तापलंय. मी नको म्हटलं. आईच्या भीतीने घेतलेला नियम आई खोलीबाहेर गेली की मोडतो, आणि मोडलेला नियम पुढच्या नियमाची हिंमत घेऊन जातो. आठ दिवसांचा का होईना, त्याचा स्वतःचा आहे. आठही दिवस पाळला. पौर्णिमेनंतर गेम पुन्हा सुरू झाला, हेही लपवत नाही. मात्र त्याने सेटिंगमध्ये जाऊन तो आवाज बंद केलाय. मला हे त्याच्या बहिणीकडून कळलं.

आमच्या घरचे नियम मात्र लेखी आहेत आणि ते सगळ्यांना सारखे. सूर्यास्तापूर्वीचं जेवण होईपर्यंत गेम सुरू करायचा नाही. ज्या घरात मुलं "हा एक डाव संपू दे" म्हणतात, तिथे रात्रीभोजनाचा त्याग पहिला मोडतो, हे बऱ्याच जणींनी मला सांगितलंय. पावसाळ्यात दिव्याला आणि पडद्याच्या उजेडाला किडे येतात, म्हणून त्या चार महिन्यांत साडेआठनंतर संगणक बंद, दुकानाचा हिशोबही सकाळी. गेममध्ये पैसे भरायचे नाहीत, बंदुकीच्या रंगीत कातड्यासाठीसुद्धा नाहीत. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना तर संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये कायद्यानेच बंदी केली, पण द्यूत आपल्या सप्तव्यसनांत पहिल्यापासूनच आहे, त्यासाठी कायद्याची वाट बघायची नव्हती. आणि मोबाइलवरचे माझे व्हिडिओसुद्धा याच वेळेत मोजायचे, ही अट मुलांनी घातली. ती योग्यच होती, मी सही केली.

मैत्रिणींनो, काही जणी विचारतील की मग एवढं सगळं मनात असताना वेग वाढवून दिलाच कशाला? मंद संगणकाने गेम आपोआप कमी झाला असता की. मलाही हे सुचलं होतं. पण यंत्र अडखळतं म्हणून न घडलेली हिंसा हा काही संयम नव्हे. भूक लागली नाही म्हणून झालेल्या उपवासासारखंच ते. दुकानाचं काम, मुलीचा अभ्यास, सासूबाईंची प्रवचनं यांना वेग हवा होता, तो मिळाला. थांबायचं कुठे, हे त्या ६५ वॅटच्या चकतीला कधीच कळणार नाही. ते ज्याचं त्याने ठरवायचं आहे. माझ्या मुलाने त्यातला एक आवाज ठरवला.

पुढच्या वेळी पाठशाळेत मी मुलींना विचारणार आहे: तुमच्या घरात 'भांड' या सदराखाली काय काय आहे, मोजून आणा. तुम्हीही एकदा मोजा. फडताळाच्या वरच्या खणात ठेवलेले जुने चार्जर विसरू नका.

जय जिनेंद्र.